जनावरं असलेल्या सेंद्रिय शेतावर तीन महिने : जागा कशी पारखायची, हाताला काय लागतं

प्रश्न थोडक्यात असा आहे. संगणकासमोरची नोकरी काही काळ बाजूला ठेवून एका लहान सेंद्रिय शेतावर तीन महिने इंटर्न म्हणून राहायचं आहे. तिथे काही गायी, शेळ्या, कोंबड्या आणि भाजीपाला आहे. राहणं-जेवण मिळेल, पैसे मिळणार नाहीत. यातून खरंच काही शिकायला मिळतं का, जागा निवडताना काय बघायचं, आणि आपण फुकटचे मजूर तर ठरणार नाही ना?

शेवटाकडून सुरुवात करते, कारण खरी धास्ती तीच दिसते. हो, फुकटचे मजूर ठरू शकता. गोठा झाडणं, पाणी भरणं, वैरण टाकणं ही कामं शिकणाऱ्यालाही चुकत नाहीत आणि मजुरालाही. लांबून बघणाऱ्याला दोघं सारखेच दिसतील. माझी कसोटी एकच आहे. महिनाभरानंतर त्या शेतावर अशी एखादी गोष्ट आहे का, जिच्याबद्दल मालकालाच तुम्हाला विचारावं लागतं? ‘काल कुठल्या करडाने दूध कमी प्यायलं?’, ‘खताचा ढीग परत कधी उलटायचा?’ याची उत्तरं तुमच्याकडे असतील तर तुम्ही शिकताय. रोज सकाळी ‘आज काय करू?’ असं विचारत उभं राहावं लागत असेल, तर तुम्ही वेठीला लागला आहात, मग जेवण कितीही चांगलं असो.

आता यजमानाची बाजू. इतकी वर्षं शिकायला येणारी माणसं ठेवून घेतल्यावर खात्रीने सांगते, की पहिले दोन-तीन आठवडे नवीन माणूस शेताला महागच पडतो. जे काम एरवी चुटकीसरशी होतं ते दाखवायचं, करून घ्यायचं, मग मागे जाऊन तपासायचं. धार काढायला शिकवायचं म्हटलं तर गायही नाराज होते आणि दूध चोरते. म्हणून ‘आठवडाभर येतो, सगळं शिकवा’ म्हणणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणते. पुढे हात बसला की गणित उलटतं, तुमच्या कामाचा शेताला फायदा व्हायला लागतो. तिथून पुढे मालकाने शिकवणं सोडून नुसतं काम उपसून घेतलं तर तो अन्याय आहे. चांगली जागा ही उलटापालट गृहीत धरते: त्या टप्प्यावर मानधन सुरू होतं, किंवा कामाचे तास कमी होऊन शिकण्याचा वेळ वाढतो, किंवा निदान मोठी जबाबदारी मिळते. हे आधी बोलून घ्या, आणि बोललेलं कागदावर आणा. रोजचे तास, आठवड्याची सुट्टी, झोपायची जागा, आजारपणात काय, अपघात झाला तर विमा कुणाचा, एवढं तरी त्यात असावं. विम्याचा प्रश्न ऐकून ज्यांच्या कपाळाला आठी पडते, त्यांच्या ट्रॅक्टरजवळ मी माझ्या घरचं माणूस पाठवणार नाही.

एक घोळ नेहमी होतो तोही इथेच निस्तरते. १९७१ साली इंग्लंडमध्ये स्यू कॉपर्ड नावाच्या, लंडनमध्ये सेक्रेटरीचं काम करणाऱ्या बाईंनी शहरातल्या माणसांना शनिवार-रविवारी सेंद्रिय शेतावर कामाला नेण्याचा उपक्रम सुरू केला. त्यातून पुढे जगभर पसरलेली ‘वूफ’ ही चळवळ उभी राहिली. अर्धा दिवस मदत करा, बदल्यात राहा-जेवा, माणसं आणि शेत बघा, असा तो सरळ व्यवहार आहे, आणि त्यात गैर काही नाही. पण त्यात पद्धतशीर शिकवण्याचं वचन नसतं. इंटर्नशिप म्हटलं की ते वचन आलं. बरेच यजमान नाव इंटर्नशिपचं देतात आणि व्यवहार पहिल्या प्रकारचा करतात, कामाचे तास मात्र पूर्णवेळ मजुराचे. तुम्हाला यातलं काय हवंय ते आधी स्वतःशी ठरवा. परदेशी जाणार असाल तर आणखी एक: राहण्या-जेवणाच्या बदल्यात केलेलं कामही अनेक देशांत कायद्याने ‘काम’च धरलं जातं, आणि पर्यटक व्हिसावर ते चालत नाही. यजमान ‘काही होत नाही हो’ म्हणाला तरी विमानतळावर उत्तरं तुम्हालाच द्यावी लागतात.

तीन महिने पुरतात का? कोणते तीन महिने, यावर आहे. कोंबडीचं अंडं २१ दिवसांत फुटतं. डुकरीण साधारण ११४ दिवसांनी पिल्लं देते, शेळी १५० दिवसांनी, गाय २८० दिवसांच्या थोडं पुढे. म्हणजे तीन महिन्यांत गाभण राहण्यापासून विण्यापर्यंतचं पूर्ण चक्र तुम्हाला फक्त कोंबडीचंच बघायला मिळेल. बाकी सगळं तुम्ही मधूनच बघणार, तेव्हा मधला कोणता टप्पा बघायचा ते आपल्या हातात आहे. यजमानाला पहिला प्रश्न हाच विचारा: मी येईन त्या काळात तुमच्याकडे कोण कोण विणार आहे? शेळ्या विण्याच्या हंगामातले सहा आठवडे एरवीच्या सहा महिन्यांइतकं शिकवतात. उलट सगळी जनावरं आटलेली, भाजीचं रान रिकामं, अशा वेळी गेलात तर कुंपण दुरुस्ती आणि लाकूडफाटा यापलीकडे फार काही हाती लागणार नाही. (कुंपण बांधता येणं हीसुद्धा कला आहे. शेळ्या असतील तर पहिल्याच आठवड्यात पटेल.)

आता मुख्य मुद्दा. लोकांना वाटतं, शेतावर जाऊन हातांना काम शिकवायचं असतं. हात तीन आठवड्यांत शिकतात. नजर तयार व्हायला वेळ लागतो, आणि जनावरांच्या शेतावर सगळी मदार नजरेवर असते. गाय दुखतंय म्हणून सांगत नाही. शेळी तर कळपात मागे पडू नये म्हणून दुखणं लपवते. ती आजारी आहे हे सगळ्यांना दिसेपर्यंत बरेचदा उशीर झालेला असतो.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना पहिले काही दिवस मी सकाळी घमेलं-फावड्याला हात लावू देत नाही. गोठ्याच्या दारात पाच मिनिटं नुसतं उभं राहायचं, जनावरांना आपली चाहूल लागून ती उठायच्या आत. कोण बसलंय, कोण उभं आहे? बसलेल्यांपैकी किती जणी रवंथ करतायत? निरोगी गाय दिवसाचे सात-आठ तास रवंथ करते, त्यामुळे निवांत बसलेल्या गायींतल्या निम्म्याहून अधिक तरी तोंड हलवत असल्या पाहिजेत. मग वैरण टाकायची आणि पुन्हा बघायचं: गव्हाणीकडे शेवटी कोण आलं? रोज पहिली धावणारी आज तिसरी आली, तर तेवढीच खूण पुरे. मग जवळ जायचं. नाकपुडी ओलसर आहे की कोरडी, कान गार लागतात का, शेण कसं पडलंय, डाव्या कुशीचा खळगा भरलेला आहे की आत गेलेला. त्या खळग्यावर मूठ दाबून धरली की आतली कोठी (पोटाचा पहिला, मोठा कप्पा) हलताना हाताला जाणवते, मिनिटाला एक-दोन वेळा. न हलणारी कोठी म्हणजे धोक्याची घंटा. तोच खळगा ढोलासारखा फुगून वर आला असेल तर पोटफुगी, आणि तिथे अर्ध्या तासाचा उशीरही महाग पडतो. थर्मामीटर लावायला पहिल्या आठवड्यातच शिका. गायीचं तापमान ३८ ते ३९.३ अंश सेल्सिअसच्या आसपास असतं, शेळीचं त्याहून थोडं वर. आपल्या अंगाच्या अंदाजाने निरोगी शेळीसुद्धा तापलेलीच वाटते.

हे सगळं रोज वहीत लिहायचं. नुसतं ‘सर्व ठीक’ लिहिणाऱ्याची वही मी परत करते. ‘लंगडी शेळी डाव्या पुढच्या पायावर भार देते, कालपेक्षा बरी, काळी गाय शेवटी आली, शेण पातळ, तापमान ३८.७’ असं लिहिलं, तर चार दिवसांनी त्या वहीला किंमत येते, डॉक्टरलासुद्धा.

धार काढण्याबद्दल थोडं खोलात जाऊन सांगते, कारण सगळ्यांना त्याचीच हौस असते. हात धुवायचे. कास आणि सड पुसून कोरडे करायचे; प्रत्येक गायीला वेगळं फडकं, म्हणजे एकीचा संसर्ग दुसरीला लागत नाही. प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा गडद रंगाच्या वाटीत काढायच्या आणि त्यांकडे नीट बघायचं. गुठळ्या, धागे, पाणचटपणा दिसला तर कासदाहाची, म्हणजे कासेला सूज येण्याच्या आजाराची, शंका घ्यायची आणि ते दूध वेगळं ठेवायचं. मग अंगठा आणि तर्जनीने सडाचा वरचा भाग बंद करायचा, आणि बाकीची बोटं वरून खाली एकामागून एक मिटत न्यायची. सड खाली ओढायचा नाही. नवखी माणसं हमखास ओढतात. गायीला ते दुखतं, मग पान्हा चोरला जातो, आणि माणसाला वाटतं दूध संपलं. पहिल्या आठवड्यात कोपरापासून मनगटापर्यंत असे हात भरून येतात की रात्री चमचा धरवत नाही. येतंच ते, घाबरू नका. दूध काढून झालं की सड जंतुनाशकात बुडवायचे आणि लगेच गायीपुढे ताजी वैरण टाकायची. हे लाड नव्हेत. धार काढल्यावर सडाचं तोंड अर्धा-एक तास नीट मिटलेलं नसतं. गाय तेवढ्यात शेणात बसली तर जंतू थेट कासेत जातात. खायला मिळालं की ती उभी राहते. दूध लगेच गाळून चार अंशांपर्यंत थंड करायचं. तुम्हाला हे सगळं कारणांसकट सांगणारा यजमान भेटला तर तिथेच राहा. ‘असंच करायचं असतं’ एवढंच म्हणणारा भेटला तर कारण विचारा, आणि तरीही ते मिळालं नाही तर काय समजायचं ते समजा.

विण्याच्या वेळी इंटर्नचं मुख्य काम गप्प राहणं हे असतं. बहुतेक शेळ्या-गायी स्वतःच्या स्वतः मोकळ्या होतात. मध्ये हात घालणारी माणसंच जास्त घोळ करतात. खरी घाई त्यानंतर असते. पिल्लाला चीक पाजायचा, आणि तो पहिल्या काही तासांतच. आईच्या रक्तातली रोगप्रतिकारशक्ती पिल्लाला पोटात असताना मिळत नाही, ती चिकातून मिळते, आणि ती शोषून घेण्याची आतड्यांची ताकद तासागणिक कमी होत साधारण चोवीस तासांत संपते. अशक्त करडू ‘उद्या पिईल’ म्हणून सोडलं तर उद्या उपयोग नाही. पिल्लू सडाला लागलेलं दिसलं म्हणजे प्यायलं असंही धरू नका. सडाच्या तोंडाशी घट्ट बूच बसलेलं असतं. आधी एक-दोन धारा स्वतः काढून बघायच्या आणि थोड्या वेळाने करडाचं पोट चाचपून बघायचं.

कोंबड्यांच्या पिल्लांचं त्या मानाने सोपं. दिव्याखाली सगळी एका ठिकाणी गोळा होऊन चिवचिवत असतील तर थंडी वाजतेय. कडेला पांगून चोची उघडून बसली असतील तर उकडतंय. सगळीकडे सारखी पसरली असतील तर बरोबर. पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास ऊब लागते, पुढे दर आठवड्याला थोडी कमी. तापमापी बिघडली तरी पिल्लं खोटं बोलत नाहीत.

जनावरं आणि भाजीपाला एकाच शेतावर असण्यातली खरी गंमत खतात आहे, आणि नेमकं तेच काम लोक नाक मुरडत करतात. मला वाटतं तीन महिन्यांत इंटर्नने स्वतःच्या नावावर करून घ्यावी अशी सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे एक खताचा ढीग: पहिल्या थरापासून वापरण्याजोगा होईपर्यंत तुमचा. ताजं शेण, कोंबडीची विष्ठा, हिरवा पाला यांत नत्र जास्त. भुसा, वाळला पाला, काड्या यांत कर्ब जास्त. कर्ब-नत्राचं प्रमाण २५ ते ३० ला १ च्या आसपास जमलं, ओल पिळलेल्या फडक्याइतकी राहिली (मूठभर घेऊन दाबलं तर बोटांच्या फटीतून एखादा थेंब यावा), तर ढीग दोन-तीन दिवसांत तापतो. आत लांब दांड्याचा तापमापी खुपसून रोज नोंद करा. ५५ अंशांच्या वर टिकला तर रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. ६५ च्या पुढे जायला लागला तर उपकारक जंतूही मरू लागतात, तेव्हा उलटायचा. अमेरिकेच्या सेंद्रिय नियमांत उघड्या लांबट ढिगासाठी ५५ ते ७७ अंश तापमान १५ दिवस आणि त्या काळात किमान पाच वेळा उलटणं असं मोजमाप दिलं आहे. ते पाळलं नाही तर त्या ढिगाला कच्चंच शेण मानतात, आणि कच्चं शेण घातलं तर मातीला टेकणाऱ्या खाद्यपिकाची काढणी १२० दिवस, इतर खाद्यपिकांची ९० दिवस करता येत नाही. हे कागदी सोपस्कार वाटतात, पण गाजरं-पालेभाज्या कच्च्या खाल्ल्या जातात आणि शेणातून येणारे ई. कोलाय या जंतूचे घातक प्रकार माणसाला दवाखान्यात पोचवतात. ढिगाला आंबूस किंवा सडका वास आला तर आत हवा नाही, अमोनियाचा नाकात जाणारा वास आला तर नत्र उडून चाललंय, काड-कचरा मिसळा.

खताबाबत एक गोष्ट मात्र फार थोडे यजमान सांगतात. बाहेरून आणलेल्या वैरणीवर अमिनोपायरॅलिड जातीचं तणनाशक मारलेलं असलं, तर ते गायीच्या पोटातून जसंच्या तसं बाहेर पडतं, खतात टिकतं, आणि त्या खतावर लावलेले टोमॅटो, घेवडा, वाटाणा यांची पानं वळून झाडं वाया जातात. गाय मात्र ठणठणीत. बाहेरची वैरण किंवा खत येत असेल तर थोडं खत मिसळलेल्या मातीच्या कुंडीत घेवड्याच्या बिया टाकून दोन-तीन आठवडे बघा. पानं सरळ आली तरच रानात घाला. ही चाचणी करून दाखवलीत तर यजमान तुमच्याकडे बघण्याची नजर बदलेल.

चराईबद्दल थोडक्यात. शेळ्यांच्या जंतांचं चक्र शेणातून गवतावर आणि गवतावरून पुन्हा पोटात असं फिरतं. उबदार, ओल्या हवेत लेंडीतल्या अंड्यांपासून लागण करणाऱ्या अळ्या तयार व्हायला आठवडासुद्धा पुरतो, आणि त्या मुख्यतः गवताच्या खालच्या पाच-सहा सेंटिमीटरमध्ये राहतात. म्हणून गवत बुडापर्यंत खाऊ द्यायचं नाही, त्याआधीच कळप पुढच्या तुकड्यात हलवायचा. दक्षिण आफ्रिकेत तयार झालेल्या ‘फामाचा’ पद्धतीत शेळीची खालची पापणी उलटून तिचा लाल-फिका रंग पट्टीशी ताडून रक्तक्षय ओळखतात आणि गरज असेल तिलाच औषध देतात. अर्ध्या तासात शिकता येतं, जन्मभर उपयोगी पडतं.

यावरून औषधांचा विषय. ‘आम्ही सेंद्रिय, आम्ही औषधं वापरतच नाही’ असं अभिमानाने सांगणाऱ्या शेतावर जाऊ नका. सेंद्रिय म्हणजे आजारी जनावराला तसंच ठेवणं, असं कुठल्याही नियमात लिहिलेलं नाही, उलटंच लिहिलंय. अमेरिकेत प्रतिजैविक दिलेलं जनावर सेंद्रिय म्हणून विकता येत नाही, पण सेंद्रिय दर्जा टिकावा म्हणून उपचार नाकारणं हाही नियमभंगच आहे. युरोपीय संघात उपचाराला मर्यादित परवानगी आहे, आणि त्यानंतर दूध-मांस बाजारात आणण्याआधी थांबण्याचा काळ एरवीच्या दुप्पट, किमान ४८ तास धरतात. यजमानाला विचारा: गेल्या वेळी गायीला कासदाह झाला तेव्हा काय केलंत? जो नेमकं सांगतो, कधी डॉक्टर बोलावला, दूध किती दिवस टाकलं, तो माणूस जनावर जाणतो.

दुसरा अवघड प्रश्न नरांचा. जन्मणाऱ्यांपैकी साधारण निम्मे नर असतात. दूध आणि अंडी देणाऱ्या शेताला त्यांतले एक-दोनच लागतात. बाकीच्यांचं पुढे काय होतं हे जाण्याआधी विचारा. कत्तल तिथेच होते का, तुमच्याकडून मदतीची अपेक्षा आहे का, नकार दिला तर चालतो का. दोन्ही बाजूंची माणसं मी पाहिली आहेत: बघवलं नाही म्हणून रातोरात निघून गेलेली, आणि एवढं सगळं वाढवताना पाहिल्यावर शेवटही नीट व्हावा म्हणून उभी राहिलेली. कुणालाही नावं ठेवायचं कारण नाही. फक्त हे पाचव्या आठवड्यात अचानक समोर येऊ नये. हत्या अजिबात न करणारी शेतंही आहेत. तिथे म्हाताऱ्या जनावरांचा खर्च कुठून निघतो हे विचारा, त्यातही शिकण्यासारखं पुष्कळ असतं.

स्वतःच्या जिवाचं सांगायचं तर जाण्याआधी धनुर्वाताची लस घ्या, आणि जिथे कुत्र्यांमध्ये रेबीज आहे तिथे जाणार असाल तर त्याबद्दलही डॉक्टरांना विचारा. विलेल्या जनावराची वार उघड्या हाताने उचलायची नाही, हातमोजे घालायचे, आणि न तापवलेलं दूध प्यायचं नाही. ब्रुसेलोसिस आणि क्यू ताप हे जनावरांकडून माणसाला होणारे आजार या वाटांनीही येतात. गरोदर बाईने शेळ्या-मेंढ्या विण्याच्या काळात गोठ्यापासून लांबच राहावं, यात भिडेला जागा नाही. शेळी गर्भ टाकते तेव्हा त्यामागचे काही जंतू पोटातल्या बाळालाही घात करतात.

वळू कितीही गरीब म्हणून सांगितला तरी त्याच्याकडे पाठ करायची नाही. माणसाच्या हातावर, एकटा वाढलेला वळू जास्त धोकादायक असतो, कारण त्याला माणसाचं भय नसतं आणि तो माणसाला आपल्यातलाच प्रतिस्पर्धी समजतो. शेणाच्या बंद टाकीत कुणी पडलं तर मागे उडी मारायची नाही. तिथला हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू काही श्वासांत माणसाला पाडतो, जास्त प्रमाणात असला की त्याचा वासही येईनासा होतो, आणि अशा अपघातांत वाचवायला उतरलेलेच एकामागून एक मरतात. ट्रॅक्टरच्या फिरत्या दांड्याजवळ ओढणी, सैल बाही, मोकळे केस नकोत. आणि धान्याच्या खोलीचं दार प्रत्येक वेळी कडी लावून बंद करा. शेळ्यांनी रात्रभर कोंबड्यांचा खुराक खाल्ला तर सकाळी पोटात आम्ल होऊन आडव्या पडलेल्या सापडतात. कडी न लावणारा इंटर्न मला झोप न येण्याचं कारण वाटतो.

जागा पक्की करण्याआधी दोन-तीन दिवस तिथे राहून बघा. फोनवर सगळेच गोड बोलतात. पाण्याचा हौद बघा: तळ दिसतो का, की शेवाळ आणि शेण? पाणी स्वच्छ ठेवायला पैसा लागत नाही, लक्ष लागतं. मालक गोठ्यात शिरला की जनावरं मागे सरतात की पुढे येतात, तेही बघा. कोंबड्यांच्या खुराड्यात खाली वाकून श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर तूस वेळेवर बदललं जात नाही. आधीच्या इंटर्नशी बोलायला मागा, आणि मालकाने निवडून दिलेल्या एकाशीच बोलून समाधान मानू नका. आधीची सगळी मुलं आळशी होती असं सांगणाऱ्या यजमानाकडे पुढची आळशी व्यक्ती तुम्ही असणार. मालक स्वतः शेतावर किती वेळ असतो? आठवड्यातून एकदा येऊन उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याकडे तुम्हाला शिकवणार कोण?

एक गोष्ट विचारायला लोक लाजतात: हिशेब. शेत कशावर चालतं? दूध-अंडी-भाजीवर, की कार्यशाळा आणि पाहुण्यांवर, की मालकाच्या जुन्या नोकरीच्या पैशांवर? यातलं काहीही वाईट नाही. पण पुढे स्वतः शेत करायचा विचार असेल तर तुम्ही नक्की कोणता धंदा शिकताय ते कळलं पाहिजे. विकतच्या खुराकाचा खर्च किती, एका गायीचं दूध आटलेले महिने कसे निघतात, कोंबड्यांचं अंड्यावरून जाण्याचं वय झाल्यावर काय, हे आकडे दाखवणारा यजमान मिळाला तर तो तीन महिन्यांचा खरा मोबदला समजा. आकडे दाखवायला सगळे तयार होणार नाहीत, पण विचारल्याचा राग कुणी मानू नये.

पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात स्वतःहून म्हणा: मला एक गोष्ट पूर्ण माझ्याकडे द्या. करडांचं संगोपन, कोंबड्यांचा एक कळप किंवा तो खताचा ढीग. सगळं थोडं थोडं करण्याचा मोह होईल, कारण आज गाय, उद्या मधमाश्या, परवा चीज असं रंगीत वाटतं. पण त्यातून फोटो मिळतात. जबाबदारी एकच घेतली की सुट्टीच्या दिवशीही सकाळी पाय आपोआप तिकडे वळतात, आणि नजर तिथेच घडते. तीन महिन्यांनी जाताना, शेवटचा आठवडा तुमच्या जागी येणाऱ्याला ती गोष्ट शिकवण्यासाठी राखून ठेवा आणि हे तारखा ठरवतानाच यजमानाला सांगा. शिकवायला बसलं की आपल्याला काय अजून नीट कळलेलं नाही ते उघडं पडतं, आणि ते विचारायला मालक तेव्हा अजून समोरच असतो.

पर्याय असेल तर एक महिना कमी-जास्त करण्यापेक्षा शेळ्या विण्याच्या साधारण तीन आठवडे आधी पोहोचा. तेवढ्यात जनावरं तुम्हाला ओळखायला लागतात, आणि कोण एरवी कशी वागते हे तुम्हाला ठाऊक झालेलं असतं.